निरीक्षक म्हणजे कोणता पंच?

मराठीत 'पंच' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही आपल्या परिचयाचे आहेत. एक पंच क्रिकेटच्या मैदानावर उभा असतो. तो बोट वर करतो आणि फलंदाज तंबूत परततो. त्याच्या निर्णयावाचून खेळ पुढे सरकत नाही. दुसरा पंच पोलिसांच्या पंचनाम्यावर सही करतो. कुलूप तुटलेले होते, कपाट उघडे होते, एवढेच तो सांगतो. चोर कोण हे ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो आणि कुलूप दुरुस्त करणे हेही त्याचे काम नसते. मात्र उद्या कोर्टात उभे राहून 'हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' असे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर असते.

निवडणुकांच्या बातम्या वाचताना मला हे दोन पंच नेहमी आठवतात. 'अमुक देशातील निवडणूक आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी वैध ठरवली' असे वाक्य वर्तमानपत्रात सर्रास छापून येते. या वाक्यात पंचनाम्यावरच्या पंचाला मैदानावर उभे केलेले असते, आणि त्याने बोट वर करावे म्हणून सगळे जग त्याच्याकडे पाहत असते. निवडणूक निरीक्षण म्हणजे नेमके काय, निरीक्षकाने काय करावे आणि काय करू नये, याबद्दल देशोदेशी वेगवेगळ्या कल्पना आहेत. शब्द मात्र एकच. एकाच शब्दाखाली चार कामे खपवली, की त्यातले एकही धड होत नाही, असा सॉफ्टवेअरच्या धंद्यातला अनुभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखात या संकल्पनेच्या व्याख्येचीच थोडी चिकित्सा करण्याचा विचार आहे.

थोडा पूर्वेतिहास

परक्या देशाची मतमोजणी बाहेरच्यांनी पाहण्याचे पहिले उदाहरण म्हणून सहसा १८५७ सालाकडे बोट दाखवले जाते. मोल्डाव्हिया आणि वालाचिया, म्हणजे आजच्या रुमानियाचे पूर्वीचे दोन प्रांत, यांनी एकत्र यावे की नाही या प्रश्नावरील मतदानावर युरोपातील सत्तांच्या संयुक्त आयोगाने लक्ष ठेवले होते. या सत्तांचा त्या प्रश्नात उघड स्वार्थ होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तटस्थपणा ही निरीक्षणाची पूर्वअट त्या काळी नव्हती.

आपल्याला जवळचे उदाहरण १९५३ च्या सुदानचे. इंग्लंड आणि इजिप्त यांच्यातील करारानुसार सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी सात जणांचा आयोग नेमला गेला: तीन सुदानी आणि इजिप्त, ब्रिटन, अमेरिका व भारत यांचा प्रत्येकी एक. अध्यक्षपदी होते भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. १९५१-५२ मध्ये भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडून त्यांना फार दिवस झाले नव्हते. पण सुदानमध्ये सेन निरीक्षण करत नव्हते. ती निवडणूक ते चालवत होते.

पुढे १९८९ मध्ये नामिबियात संयुक्त राष्ट्रसंघाने दक्षिण आफ्रिकेने घेतलेल्या निवडणुकीवर देखरेख ठेवली. १९९३ मध्ये कंबोडियात त्याच संघाने निवडणूक स्वतःच घेतली. १९९० मध्ये निकाराग्वा या स्वतंत्र देशाची निवडणूक संघाच्या लोकांनी केवळ पाहिली. आणि २०१० मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये संघाच्या प्रतिनिधीने निकाल प्रमाणित केला. म्हणजे जिंकले कोण, हे त्याने जगाला सांगितले.

चालवणे, देखरेख ठेवणे, प्रमाणपत्र देणे आणि पाहणे अशी ही चार वेगवेगळी कामे आहेत. अभ्यासकांनी त्यांना वेगळी नावेही दिली आहेत. पण या सगळ्यांची बातमी मराठीत येते तेव्हा सगळेच 'निरीक्षक' होतात, आणि इंग्रजीतही परिस्थिती फारशी निराळी नाही.

२००५ ची व्याख्या

या गोंधळावर उपाय म्हणून २७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांचा एक जाहीरनामा मांडण्यात आला. संयुक्त राष्ट्रसंघाचा निवडणूक विभाग, जिमी कार्टर यांचे कार्टर सेंटर आणि वॉशिंग्टनची नॅशनल डेमोक्रॅटिक इन्स्टिट्यूट यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. त्यातील व्याख्येचा आशय असा: निवडणुकीशी संबंधित कायदे, संस्था, प्रक्रिया आणि एकूण वातावरण यांची पद्धतशीर व अचूक माहिती गोळा करणे, तिचे निःपक्षपाती विश्लेषण करणे आणि त्यावरून निष्कर्ष काढणे. निरीक्षकाने प्रक्रियेत ढवळाढवळ करू नये, यजमान देशाचे कायदे पाळावेत, निष्कर्ष लपवू नयेत. २०१२ मध्ये त्या-त्या देशातील नागरिक संघटनांच्या निरीक्षणासाठीही असाच एक जाहीरनामा तयार झाला.

दस्तऐवज म्हणून २००५ चा मसुदा चांगला आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. मतदानाच्या दिवशी विमानातून उतरून दहा केंद्रांना भेट देणारे आणि संध्याकाळी पत्रकार परिषद घेऊन परत जाणारे पाहुणे त्याने निदान कागदावर तरी बाद केले. निवडणूक म्हणजे मतदानाचा दिवस नव्हे. मतदारयादीपासून तक्रारींच्या निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया, हे त्याने ठामपणे मांडले.

तरीही एखाद्या प्रकल्पाच्या गरजांची यादी वाचावी तसा तो वाचला, की त्यातली उणीव चटकन डोळ्यांत भरते. तो निरीक्षकाच्या गुणांबद्दल फार आणि निरीक्षणाच्या विषयाबद्दल कमी बोलतो. निरीक्षक तटस्थ हवा, व्यावसायिक हवा, अचूक हवा. सर्व मान्य. पण पाहणारा कितीही गुणी असला तरी दाखवणाऱ्याने काय दाखवायचे? मसुद्यात यजमान देशाने निरीक्षकाला मुक्त प्रवेश द्यावा असे म्हटले आहे. परंतु हा प्रवेश निमंत्रणाबरोबर येतो आणि निमंत्रण देणे न देणे यजमानाच्या हाती असते. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवून चहा पाजला, तर स्वयंपाकघरात काय शिजते आहे हे त्याला कसे कळावे?

भारतीय निरीक्षक

भारतात 'निवडणूक निरीक्षक' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो कार्टर सेंटरचा स्वयंसेवक नव्हे, तर परराज्यातून आलेला आय.ए.एस. अधिकारी. निवडणूक आयोग असे अधिकारी पूर्वीपासून पाठवत होता, टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत त्यांचा दरारा वाढला आणि १९९६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०ब हे कलम घालून त्यांना कायद्याचा आधार मिळाला. या कलमानुसार निरीक्षक हा शासकीय अधिकारीच असावा लागतो. मोठ्या प्रमाणावर मतदान केंद्रे बळकावली गेली किंवा मतपत्रिका पळवल्या वा नष्ट केल्या गेल्या, असे त्याचे मत झाले तर मतमोजणी थांबवण्याचा किंवा निकाल जाहीर न करण्याचा आदेश तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला देऊ शकतो. आता तर सर्वसाधारण निरीक्षकाबरोबर पोलीस निरीक्षक, खर्च निरीक्षक आणि केंद्राच्या पातळीवर सूक्ष्म निरीक्षकही असतात.

जाहीरनाम्याच्या व्याख्येत हा माणूस कुठे बसतो? कुठेच नाही. तो हस्तक्षेप करू शकतो, म्हणजे तो मैदानावरचा पंच आहे. ज्या आयोगाच्या कामावर लक्ष ठेवायचे त्याच आयोगाने त्याला नेमलेले असते, आणि त्याचा अहवाल जातो तोही आयोगाकडेच. आमच्या भाषेत हा अंतर्गत गुणवत्ता विभाग. त्याची गरज असते, तो नसेल तर कारखाना चालणार नाही. पण गिऱ्हाइकाने त्याला त्रयस्थ तपासनीस समजू नये. ज्या देशात एकेका निवडणुकीत दहा लाखांहून अधिक मतदान केंद्रे असतात, तेथे जिल्हा यंत्रणेवर स्थानिक दडपण येऊ नये यासाठी परराज्यातला अधिकारी पाठवणे ही अत्यंत व्यवहारी कल्पना आहे. त्या कल्पनेवर माझा आक्षेप नाही, नावावर आहे.

परदेशी निरीक्षकांच्या बाबतीत भारताची भूमिका पहिल्यापासून राखीव आहे. परदेशी निवडणूक अधिकारी पाहुणे म्हणून येतात, केंद्रे पाहतात, कौतुक करतात आणि परत जातात. आयोग त्यांना अभ्यागतच म्हणतो, आणि हा शब्द प्रामाणिक आहे.

अमेरिकन निरीक्षक

आपण ज्या देशात राहतो तेथील चित्रही एकसंध नाही. १९९० च्या कोपनहेगन दस्तऐवजात युरोपीय सुरक्षा परिषदेच्या सदस्य देशांनी एकमेकांच्या निवडणुका पाहण्याचे निमंत्रण देण्याचे कबूल केले. अमेरिका त्यात होती. पण तेथेच एक पुस्ती जोडलेली होती: कायदा जेवढी परवानगी देईल तेवढेच. आणि अमेरिकेत निवडणुकीचा कायदा मुख्यतः राज्यांचा. त्यामुळे वॉरसॉच्या कार्यालयाने पाठवलेला निरीक्षक काही राज्यांत मतदान केंद्रात जाऊ शकतो आणि काही राज्यांत दारातच अडतो. २०१२ मध्ये टेक्सासचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल ग्रेग ॲबट यांनी या निरीक्षकांना पत्र लिहून बजावले, की केंद्राच्या शंभर फुटांच्या आत आलात तर फौजदारी कारवाई होऊ शकते. अमेरिकेने इतर देशांना निरीक्षणाचे धडे दिले, मग असे कसे, असे आपल्याला वाटते. पण कायदेशीरदृष्ट्या त्यात विसंगती नव्हती. आश्वासन वॉशिंग्टनने दिले होते आणि किल्ली ऑस्टिनमध्ये होती. ब्रिटनने हा प्रश्न सरळ सोडवला. २००६ च्या कायद्याने निवडणूक आयोगाकडे नोंदणी केलेल्या निरीक्षकांना मतदान केंद्रात बसण्याचा हक्क दिला.

अमेरिकेत दुसऱ्याही प्रकारचे निरीक्षक होते, आणि मला ते सर्वांत शिकवणारे वाटतात. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याखाली केंद्र सरकार मुख्यतः दक्षिणेतल्या राज्यांत निरीक्षक पाठवत असे. कृष्णवर्णीय मतदाराला परत पाठवले जाते का, त्याचे मत मोजले जाते का, हे ते पाहत. त्यांना हस्तक्षेपाचा अधिकार नव्हता. ते टिपणे काढत आणि ती टिपणे पुढे कोर्टात पुरावा म्हणून उभी राहत. हा शंभर टक्के पंचनाम्यातला पंच! शेल्बी काउंटी खटल्याच्या २०१३ मधील निकालानंतर अशा निरीक्षकांची नेमणूक जवळपास न्यायालयाच्या आदेशापुरतीच उरली.

तिसरा प्रकार पक्षांच्या प्रतिनिधींचा. भारतात मतदान प्रतिनिधी असतो तसाच. तो तटस्थ नसतो आणि तसा आवही आणत नाही. २००५ च्या व्याख्येत त्याला स्थान नाही, आणि माझ्या मते ही त्या व्याख्येतली मोठी उणीव आहे. त्याकडे पुढे येऊ.

आंधळे दळते...

व्याख्येची परीक्षा कठीण प्रसंगी होते. असे काही प्रसंग पाहू.

२००२ च्या झिंबाब्वेतील अध्यक्षीय निवडणुकीवर राष्ट्रकुलाच्या निरीक्षकांनी टीका केली, तर दक्षिण आफ्रिकेच्या अधिकृत निरीक्षकांनी ती ग्राह्य मानली. पण दक्षिण आफ्रिकेच्याच अध्यक्षांनी दोन न्यायाधीशांनाही पाठवले होते. निवडणूक मुक्त आणि न्याय्य मानता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो अहवाल बारा वर्षे कुलपात राहिला आणि एका वृत्तपत्राच्या प्रदीर्घ कोर्टबाजीनंतर २०१४ मध्ये उघड झाला. तोवर त्याचा कोणाला काय उपयोग होणार होता?

२०१३ मध्ये अझरबैजानमध्ये एकाच दिवसाबद्दल दोन साक्षी निघाल्या. वॉरसॉच्या कार्यालयाच्या निरीक्षकांनी आपण पाहिलेल्या केंद्रांपैकी ५८ टक्के ठिकाणी मतमोजणी वाईट झाल्याचे नोंदवले. युरोपीय संसदेच्या आणि युरोप परिषदेच्या संसदीय शिष्टमंडळांनी मात्र मतदान मुक्त, न्याय्य आणि पारदर्शक असल्याचे सांगितले. याच निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी निवडणूक आयोगाच्या मोबाईल ॲपवर निकाल झळकला होता! ती चाचणीसाठी भरलेली जुनी आकडेवारी होती असा खुलासा झाला. चाचणीची आकडेवारी चालू यंत्रणेत घुसणे हा प्रकार आमच्या धंद्यात अगदीच अपरिचित नाही; फक्त या 'जुन्या' आकडेवारीतले उमेदवार नव्या निवडणुकीचे होते.

केनियात ८ ऑगस्ट २०१७ ला मतदान झाले. जॉन केरी यांच्यासारख्या वजनदार मंडळींच्या नेतृत्वाखालील निरीक्षकांनी दोनच दिवसांत मतदान आणि केंद्रावरची मोजणी यांची प्रशंसा केली. आकड्यांचे संकलन अजून चालू आहे, अशी सावधगिरीची सूचना त्यांच्या निवेदनांत होती. पण लोकांनी प्रशंसा ऐकली, सूचना कोणी ऐकली नाही. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. घोटाळा केंद्रावर नव्हताच. केंद्रावरचे आकडे वरपर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीत होता. न्यायालयाने सर्व्हर पाहू द्या म्हटले, आणि आयोगाने आदेशाप्रमाणे ते उघडले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची हे धोरण न्यायालयाने चालवून घेतले नाही. मूठ उघडत नाही याचाच अर्थ त्याने आयोगाविरुद्ध लावला. मलावीत २०१९ च्या निवडणुकीबद्दलही परदेशी निरीक्षकांची प्राथमिक निवेदने एकंदर अनुकूल होती. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. निकालपत्रांवर खाडाखोड करण्यासाठी पांढरा द्रव वापरल्याचे कोर्टापुढे आले होते. जून २०२० मधले फेरमतदान महामारीमुळे जवळपास परदेशी निरीक्षकांवाचूनच झाले आणि विरोधी उमेदवार निवडून आला.

आणि २०१९ चे बोलिव्हिया. अमेरिकी राष्ट्र संघटनेच्या निरीक्षकांनी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, प्राथमिक मोजणीचा कल अचानक आणि अनाकलनीयरीत्या बदलला असे जाहीर केले. देश पेटला, अध्यक्ष मोरालेस यांना देश सोडावा लागला. संघटनेच्या पुढील तपासात छुपे सर्व्हर आणि संशयास्पद निकालपत्रे यांचाही उल्लेख आला. परंतु कलाबद्दलचा जो संख्याशास्त्रीय दावा आगीला कारण झाला, तो अनेक स्वतंत्र संशोधकांनी तपासून सदोष ठरवला. निरीक्षकाचे गणितही कोणीतरी पाहायला हवे असते.

या सर्व निरीक्षकांना लबाड म्हणण्याचा माझा हेतू नाही. बहुतेक जण मेहनती आणि सचोटीचे असतात. पण दळणारा जागा असला तरी त्याला पीठ कुठे जाते हे दिसत नसेल, तर त्याच्या सचोटीचे करायचे काय?

निरीक्षणक्षमता

नियंत्रण अभियांत्रिकीत, म्हणजे ज्या विषयाच्या आसपास माझी विद्यार्थीदशा गेली त्यात, एक सुंदर संकल्पना आहे. रुडॉल्फ कालमन यांनी ती १९६० च्या सुमारास मांडली. एखाद्या यंत्रणेच्या पोटात काय चालले आहे, हे तिच्यातून बाहेर पडणाऱ्या संकेतांवरून ओळखता येत असेल, तर ती यंत्रणा निरीक्षणक्षम आहे असे म्हणतात. गंमत अशी, की निरीक्षणक्षमता हा पाहणाऱ्याचा गुण नाही. तो यंत्रणेचा गुण आहे. बॉयलरवर तापमापक बसवलेलाच नसेल, तर त्याच्यासमोर नोबेल पारितोषिक विजेता उभा केला तरी आतले तापमान त्याला सांगता येणार नाही. आणि तापमापक दर्शनी भागावर असेल, तर आठवीतला मुलगाही वाचून दाखवील.

माझ्या मते निवडणूक निरीक्षणाची व्याख्या या बाजूने व्हायला हवी. चांगले निरीक्षक कसे निवडावेत हा प्रश्न दुय्यम आहे. निवडणूक बाहेरून तपासता येईल अशी रचलेली आहे का, हा पहिला प्रश्न.

फिलिपाइन्समध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये मार्कोस आणि कोराझोन अक्विनो यांच्यातील निवडणुकीची सरकारी मोजणी संगणकावर चालली होती. ९ फेब्रुवारीच्या रात्री त्या केंद्रातले सुमारे ३५ संगणक कर्मचारी, त्यात बहुसंख्य स्त्रिया, उठून बाहेर पडले. आपण भरत असलेले आकडे आणि फलकावर दाखवले जाणारे आकडे जुळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले होते. नामफ्रेल या नागरिक संघटनेची समांतर बेरीजही निराळेच सांगत होती. मार्कोस गेले. जगभरातून आलेली शिष्टमंडळे मनिलात हजर होती, त्यांचाही उपयोग झाला. पण निर्णायक साक्ष दिली ती आकडे भरणाऱ्या हातांनी. आमच्या व्यवसायाच्या इतिहासात याहून अभिमानाची रात्र मला ठाऊक नाही.

व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ रोजी मतदान झाले. युरोपीय संघाचे निमंत्रण सरकारने आधीच मागे घेतले होते. निवडणूक परिषदेने मादुरो विजयी झाल्याचे जाहीर केले, परंतु केंद्रवार आकडे प्रसिद्ध केले नाहीत. तेथील यंत्रे केंद्रावर निकालपत्राचा कागद छापतात आणि कायद्याने त्याची प्रत पक्षाच्या साक्षीदाराला मिळते. विरोधी पक्षाच्या हजारो सामान्य कार्यकर्त्यांनी त्या प्रती गोळा केल्या आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक निकालपत्रे जगापुढे ठेवली. त्यांत विरोधी उमेदवार मोठ्या फरकाने पुढे होता. कार्टर सेंटरने ही निवडणूक लोकशाही मानता येत नाही असे सांगितले. तरीही मादुरोंनी जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा शपथ घेतली. निरीक्षणाने सत्ता बदलत नाही, हे खरे. पण काय घडले हे कोणाला आता खोडता येत नाही. आणि हे काम तटस्थ पाहुण्यांनी केले नाही. पक्षपाती, परंतु कागद हातात असलेल्या साक्षीदारांनी केले. एकमेकांवर विश्वास नसलेले दोन साक्षीदार एकाच कागदावर सही करतात, तेव्हा तो कागद एका तटस्थ माणसाच्या शब्दापेक्षा जड असतो. २००५ ची व्याख्या हे विसरते.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी हाच विचार कायद्याच्या भाषेत मांडला. मतदान आणि मोजणी यांतील महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, असे सांगून २००५ मध्ये वापरलेली मतदानयंत्रे त्याने घटनाबाह्य ठरवली. यंत्रात घोटाळा झाला असे न्यायालय म्हणाले नाही. झाला नाही हे सामान्य माणसाला पाहता येत नाही, एवढे कारण त्याला पुरले.

आपल्या वादाबद्दल दोन शब्द

आपल्या जेवणावळींत भारतातल्या मतदानयंत्रांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो यंत्रे फिरवली. दुसरा म्हणतो हरलेल्यांची रडगाणी. माझ्या दृष्टीने दोघेही चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देतात. प्रश्न यंत्र प्रामाणिक आहे का हा नसून त्याचा प्रामाणिकपणा हरलेल्या माणसाला पटवता येतो का, हा आहे.

भारताजवळ यासाठीची सामग्री आहे. मतदान संपल्यावर एकूण किती मते पडली याचा हिशेब, म्हणजे नमुना १७क, मतदान प्रतिनिधींना मिळतो. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून पाहिल्या जातात. २०२४ मध्ये न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा मार्ग दिला.

उणीव आहे ती 'पाच' या आकड्यात. विजय दीड लाखांचा असो की दीडशेचा, आकडा पाचच. अमेरिकेत कोलोराडो राज्याने २०१७ पासून वेगळी पद्धत राज्यभर लागू केली. तिच्यात फरक जेवढा कमी तेवढा नमुना मोठा. सरळ मतपत्रिका उचलून तपासायच्या झाल्या तर दहा टक्क्यांच्या फरकाला काहीशे मतपत्रिका सहसा पुरतात. एक टक्क्याचा फरक असला तर दहा-दहा हजारांच्या पटीत पाहाव्या लागतात. जॉर्जियाने नोव्हेंबर २०२० मध्ये फरक इतका थोडा होता म्हणून सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. निकाल तोच आला. ओरडणारे थांबले नाहीत, हेही खरे. पण ज्याला पाहायचे होते त्याला पाहता आले.

उलट दिशेचे पाऊलही नोंदवले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने निवडणूक नियमांतील ९३ व्या नियमात बदल करून केंद्रातील चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी सर्वसामान्यांना पाहण्यावर मर्यादा आणली. मतदारांच्या खाजगीपणाची काळजी हे त्यामागचे कारण पूर्णतः खोटे नाही. पण दर्शनी भागावरचा एक तापमापक त्यामुळे कमी झाला.

त्याच महिन्यात सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या काही गावकऱ्यांनी स्वतःच मतपत्रिकांवर फेरमतदान घेऊन गावातला निकाल पडताळून पाहायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झाले नाही, गुन्हे नोंदले गेले. अभियंता म्हणून सांगायचे तर त्या मतदानाने काहीही सिद्ध झाले नसते. गावाच्या चौकात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या साक्षीने दिलेले मत आणि गुप्तपणे दिलेले मत यांची तुलना होऊ शकत नाही. पण हसण्यावारी नेण्याचीही ती गोष्ट नव्हती. व्यवस्थेने दाखवले नाही, म्हणून लोक स्वतः पाहायला निघाले. हातच्या काकणाला आरसा लागत नाही हे खरे, पण काकण हातावर असले पाहिजे. पेटीत कुलूपबंद नव्हे.

पाहणे आणि रोखून पाहणे

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळ्यांना सगळे पाहू दिले, तर पाहणारेच दडपण आणतील. हा आक्षेप काल्पनिक नाही. १९८१ मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने 'मतपेटी सुरक्षा' पथके उभी केली होती. दंडावर फिती लावलेले, ड्यूटीवर नसलेले पोलीस, काही सशस्त्र, अल्पसंख्याकांच्या वस्त्यांतील केंद्रांबाहेर उभे राहिले. नाव निरीक्षणाचे, काम धाक घालण्याचे. त्यावरून १९८२ मध्ये न्यायालयात झालेल्या समझोत्याने पक्षावर घातलेली बंधने २०१८ पर्यंत टिकली.

म्हणून व्याख्येत एक रेघ ओढावी लागेल. मतदार पाहायचा नाही, मत पाहायचे. माणूस पडद्याआड जाईपर्यंत आणि पडद्याआड असताना त्याच्याकडे पाठ असावी. चिठ्ठी पेटीत पडल्यापासून शेवटच्या बेरजेपर्यंत मात्र प्रत्येक पाऊल उघड्यावर असावे.

तेव्हा माझी व्याख्या अशी: निवडणूक निरीक्षण म्हणजे मतदाराची गुप्तता राखून, मताचा पेटीपासून निकालापर्यंतचा प्रवास हरलेल्या पक्षालाही स्वतः पडताळता येईल अशी व्यवस्था, आणि त्या पडताळणीची उघड, वेळेवर, सहीनिशी दिलेली साक्ष. पाहुणा परदेशी आहे की देशी, तटस्थ आहे की पक्षाचा, हे त्यानंतरचे प्रश्न. निकाल द्यायला न्यायालये आहेत. साक्षीदाराने साक्ष द्यावी.

या व्याख्येचा आपल्याशी संबंध आहे. आपल्यातील जे येथील नागरिक झाले आहेत, ते मत टाकून घरी येतात आणि मुलांच्या तबला-भरतनाट्यमच्या वर्गाला जातात. मतदान केंद्रावर एक दिवस काम करणारी माणसे कमी पडतात, याची जाहिरात बहुतेक काउंटी दर निवडणुकीला देतात. मतांच्या पडताळणीची बैठक पुष्कळ ठिकाणी सर्वांना खुली असते आणि खुर्च्या रिकाम्या असतात. हिशेब तपासायची सवय असलेली माणसे आपल्यात काही कमी नाहीत. मंडळाच्या वार्षिक सभेत पिकनिकच्या खर्चातले अकरा डॉलर कुठे गेले हे आपण तासभर विचारू शकतो. तीच चिकाटी थोडी काउंटीच्या कचेरीत नेली, तर पंचनाम्यावर दोन सह्या जास्त होतील.